घारगे पौष्टिक असतात का? त्यात भोपळा किती आहे ते आधी बघा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात परत लिहिते म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुमच्या सासूबाई लाल भोपळ्याचे घारगे करतात, पाव किलो किस, दीडशे ग्रॅम गूळ, त्यात मावेल तेवढी कणीक, आणि वीसेक घारगे होतात. त्यांचं म्हणणं, भोपळा आहे, गूळ आहे, मैदा नाही साखर नाही, मग हे औषधासारखंच, कितीही खा. सासऱ्यांना डायबेटिस आहे आणि तेही या हिशोबाने चार-चार खातात, आणि तुमची चार वर्षांची मुलगी भाजी तोंडात घेत नाही पण घारगे आवडीने खाते, तर भाजीऐवजी हे चालेल का.

मी बावीस वर्षं आहारतज्ज्ञ म्हणून काम करतेय आणि घरीही दर पावसाळ्यात-हिवाळ्यात घारगे होतात, त्यामुळे यावर जरा सविस्तरच लिहिते. एका वाक्यात सांगायचं तर गोड पदार्थांमध्ये घारगा खरंच चांगला आहे, पण तो गोड पदार्थच आहे, भाजी नाही. आणि तो किती चांगला हे त्यात भोपळा किती गेलाय आणि कसला गेलाय यावर ठरतं. नाव भोपळ्याचं आणि आत सगळी कणीक-गूळ, असं बऱ्याच घरांत होतं.

आधी एक नावाचा घोळ मिटवू कारण दर वेळी कोणीतरी विचारतंच. विदर्भातल्या बायका ज्याला कोहळं म्हणतात, ज्याची बोंडं करतात, तो हाच लाल भोपळा. काही ठिकाणी डांगर म्हणतात, काही ठिकाणी काशीफळ, गंगाफळ. पण ज्याचा आग्र्याचा पेठा होतो तो पांढरा कोहळा वेगळा, त्यात हा केशरी रंगच नाही, आणि दुधी तर तिसराच. खाली जे लिहितेय ते फक्त लाल, म्हणजे आतून केशरी असणाऱ्या भोपळ्याबद्दल.

आता तुमच्याच प्रमाणाचा हिशोब मांडते. मी वजनकाट्यावर करून बघितलंय, पाव किलो किसाला आणि दीडशे ग्रॅम गुळाला साधारण पाव किलो कणीक लागतेच, वर दोन चमचे तूप. भोपळा म्हणजे नव्वद टक्क्यांच्या वर पाणी, १०० ग्रॅममध्ये जेमतेम २५ कॅलरी, म्हणजे पाव किलोच्या साठ-पासष्ट. गुळाच्या १०० ग्रॅमला ३८० च्या आसपास, म्हणजे दीडशे ग्रॅमचे ५७०. कणकेचे ८५०. तुपाचे ९०. सगळे मिळून पंधराशे-सोळाशे, भागिले वीस, म्हणजे न तळता एकाला ८० कॅलरी. तळताना एक घारगा तीन-चार ग्रॅम तेल पितो, त्याच्या तीसेक. म्हणजे एक मध्यम घारगा ११० कॅलरी धरा. प्रोटीन दीड ग्रॅम, तेही जवळपास सगळं गव्हाचं. फायबर दीड ग्रॅमच्या आसपास, तेही मुख्यतः कणकेच्या कोंड्याचं, म्हणून कणीक बारीक चाळणीने चाळू नका. गूळ साडेसात ग्रॅम. आणि भोपळा? साडेबारा ग्रॅम. म्हणजे जेवणाच्या चमच्याने एक चमचा किस, बस.

हा साडेबारा ग्रॅमचा आकडा लक्षात ठेवा, कारण सगळी गोम इथेच आहे. वाटीभर भोपळ्याच्या भाजीत सहज शंभर ग्रॅम भोपळा पोटात जातो. तेवढाच भोपळा घारग्यांतून खायचा तर आठ घारगे खावे लागतील, आणि त्यासोबत ६० ग्रॅम गूळ आणि पावणेनऊशे कॅलरी. म्हणून भाजीऐवजी घारगे हा हिशोब जमत नाही.

पण म्हणून भोपळ्याला कमी लेखू नका. याच्यात जे खरं धन आहे ते म्हणजे तो केशरी रंग. तो रंग बीटा-कॅरोटीनचा, आणि शरीर त्याचं अ जीवनसत्त्व बनवतं, जे डोळ्यांना, त्वचेला, आतड्यांच्या आणि श्वासनलिकेच्या अस्तराला, प्रतिकारशक्तीला लागतं. गडद केशरी गराच्या भोपळ्यात १०० ग्रॅमला तीन हजार मायक्रोग्रॅमच्या आसपास बीटा-कॅरोटीन असतं, त्यातून अ जीवनसत्त्व मिळतं साधारण ४०० मायक्रोग्रॅम. मोठ्या बाईची दिवसाची शिफारस ८४० आहे, चार ते सहा वर्षांच्या मुलांची ५०० च्या आसपास. म्हणजे तुमच्या प्रमाणाच्या एका घारग्यातून कच्च्या भोपळ्याच्या हिशोबाने ५० मायक्रोग्रॅम, त्यातलं थोडं शिजवताना-तळताना जातंच. मुलीने दोन खाल्ले तर दिवसाच्या गरजेचा पाचवा हिस्सा, किंवा जरा कमी. गोड पदार्थाच्या मानाने हे छान आहे बरं का, शंकरपाळी किंवा चिरोट्यात हे कॅरोटीन जवळपास नसतंच.

आणि मी वर गडद केशरी म्हटलं ते मुद्दाम. बाजारात फोड घेताना रंग बघा. काही भोपळे आतून फिकट पिवळसर निघतात, त्यांच्यात कॅरोटीन कितीतरी कमी असतं, आणि चवीलाही ते पाणचट, मग गोडीसाठी गूळ वाढवावा लागतो, म्हणजे दोन्हीकडून तोटा. अख्खा भोपळा घ्यायचा असेल तर देठ वाळलेला, साल कडक, नख लावलं तर रुतत नाही असा घ्या. कोकणात अख्खे भोपळे माळ्यावर ठेवून महिनोन्‌महिने वापरतात, तो जुनवान झालेला भोपळा घारग्यांना सगळ्यात उत्तम, पाणी कमी आणि रंग गडद. कोवळा भोपळा भाजीला ठेवा.

आता खरी युक्ती सांगते. ही मला कुठल्या पुस्तकात मिळाली नाही, माझी आत्या करायची आणि मला तिचं कारण फार नंतर कळलं. ती किस कढईत चमचाभर तुपावर घालून आधी झाकण ठेवून मऊ करायची आणि मग झाकण काढून चांगला आटवायची, अगदी कडेने सुटायला लागेपर्यंत, आणि मगच गूळ. आपण काय करतो, घाईत असतो, किस जरा वाफवला की लगेच गूळ घालतो, गुळाने अजून पाणी सुटतं, मिश्रण सैल होतं, मग त्यात कणीक ढकलत राहतो, ‘मावेल तेवढी’. ती मावते हो, कितीही मावते. पण जितकी कणीक वाढली तितका एका घारग्यातला भोपळा कमी झाला. उलट अर्धा किलो किस घेऊन तो आटवून अर्ध्यावर आणला तर उडून जातं ते पाणी, कॅरोटीन उडत नाही, ते तिथेच राहतं. मग तेवढ्याच सव्वादोनशे-अडीचशे ग्रॅम कणकेत दुप्पट भोपळा बसतो. आणि आटवलेला भोपळा स्वतःच गोड लागतो, म्हणून गूळ दीडशेऐवजी शंभर-एकशेवीस पुरतो. घारगे तेवढेच वीस, कॅलरी जवळपास तेवढ्याच किंवा थोड्या कमी, आणि भोपळा एकात २५ ग्रॅम. सासूबाईंना त्यांची रेसिपी बदला असं सांगायची गरजच नाही, किस दुप्पट घ्या आणि आटवा एवढंच. घारगे खुसखुशीतही होतात, चिवट होत नाहीत. पाणी किंवा दूध घालून पीठ मळू नका, भोपळ्याच्या ओलाव्यातच मळायचं, चिमूटभर मीठ आणि जायफळ किंवा वेलची.

तूप-तेलाबद्दल लोक फार घाबरतात म्हणून हेही लिहिते. कॅरोटीन स्निग्ध पदार्थात विरघळतं, जेवणात थोडं तूप-तेल नसेल तर ते आतड्यातून नीट शोषलंच जात नाही. शिवाय भोपळा शिजला की त्याच्या पेशी फुटतात आणि कॅरोटीन मोकळं होतं, कच्च्या किसापेक्षा शिजवलेल्यातून जास्त मिळतं. म्हणजे तुपावर भोपळा परतणं ही आपल्या आज्यांची पद्धत शास्त्राला धरूनच आहे. पण त्यासाठी चमचाभर तूप पुरतं, कढईभर तेलात तळायलाच हवं असं नाही. रोजच्यासाठी मी सांगते की हेच पीठ जरासं सैल ठेवून तव्यावर थापा, दशमीसारखं तुपावर दोन्ही बाजूंनी भाजा, वरून तीळ दाबा. एकामागे तीन-चार ग्रॅम तेलाच्या जागी ग्रॅम-दीड ग्रॅम तुपात काम होतं. सणाला, नैवेद्याला तळा की, बिनधास्त तळा, फक्त तेल नीट तापलेलं हवं पण धुरावलेलं नको, कोमट तेलात टाकले की घारगे तेल पितात आणि फार कडक तेलात गुळामुळे बाहेरून काळपट होऊन आतून कच्चे राहतात. सोडा घालू नका, त्याने तेल जास्त ओढतात. आणि एकदा तळलेलं तेल पुन्हापुन्हा तळणीला वापरणं बंद करा, हे फक्त घारग्यांसाठी नाही.

आता गूळ. इथे मला थोडं स्पष्ट बोलायचंय कारण या एका गैरसमजाने मी बायकांचं नुकसान होताना बघितलंय, आणि सुरुवातीची काही वर्षं मी स्वतःही हिमोग्लोबिन कमी असलेल्या बायकांना ‘गूळ खा’ सांगायचे. गुळात लोह आहे, खोटं नाही, पण १०० ग्रॅमला साधारण तीन ते पाच मिलिग्रॅम. एका घारग्यात गूळ साडेसात ग्रॅम. म्हणजे त्यातून मिळणारं लोह पाव-अर्ध्या मिलिग्रॅमच्याही आसपास, आणि मोठ्या बाईला दिवसाला लागतं २९ मिलिग्रॅम. कणकेचं लोह त्याहून जास्त भरतं, पूर्ण घारग्यात मिळून पाऊण-एक मिलिग्रॅम, आणि त्यातलंही थोडंच शरीरात शिरतं कारण धान्यातल्या फायटेटमुळे ते अडकतं. त्यात आपण घारगा खातो कशाबरोबर, तर चहाबरोबर! चहातलं टॅनिन उरलंसुरलं लोहही धरून ठेवतं. चहा तासभर आधी किंवा नंतर घ्या. घारग्याबरोबर लिंबू पिळलेली कोशिंबीर, पेरूची फोड, आवळ्याचं काहीतरी असलं तर क जीवनसत्त्वामुळे लोह शोषायला मदत होते. भोपळ्यात क जीवनसत्त्व असतं थोडं, पण आटवून-तळून झाल्यावर त्याचा भरवसा धरू नका. हिमोग्लोबिन आठ-नऊ असेल तर गूळ नाही, डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या घ्या, नियमित घ्या.

साखरेऐवजी गूळ घेतला म्हणजे रक्तातली साखर वाढत नाही हेही खरं नाही. गूळ बहुतेक सगळा साखरच आहे, थोडी खनिजं आणि छान चव जास्तीची. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलं की वरून घातलेली साखर दिवसाच्या कॅलरींच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवा आणि जमलं तर पाच टक्क्यांच्या, म्हणजे मोठ्या माणसाला साधारण २५ ग्रॅम. गूळ, मध, सगळं यात धरलंय. तुमच्या प्रमाणाचे तीन घारगे म्हणजे बावीस-तेवीस ग्रॅम गूळ. तीन घारग्यांत दिवसाचा कोटा संपतो, त्यानंतरचा दोन वेळचा गोड चहा वरचा.

म्हणून सासऱ्यांचं. एका घारग्यात कार्बोहायड्रेट सोळा ग्रॅम धरा, म्हणजे एका मध्यम पोळीपेक्षा किंचितच कमी, पण त्यातलं जवळपास अर्धं थेट गुळाचं. चार घारगे म्हणजे साडेतीन पोळ्या आणि वर ते जेवणानंतर खात असतील तर तो सगळा जास्तीचा भार. मी माझ्या डायबेटिसच्या पेशंटना घारगा बंद करा असं सांगत नाही, सत्तरीच्या माणसाला सणाला ताटातलं काढून घेणं मला बरोबर वाटत नाही आणि त्याने ते चोरून खातात. मी सांगते, एक घारगा, फार तर दोन, पण पोळीच्या जागी, पोळीशिवाय. सोबत वाटीभर उसळ किंवा घट्ट वरण, ताक, कोशिंबीर. रिकाम्या पोटी चहाबरोबर नको. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चालायचं. आणि दोन तासांनी घरच्या ग्लुकोमीटरवर बघायचं, कारण कोणाला किती वाढते हे माणसागणिक वेगळं, तुमच्या सासऱ्यांचा आकडा माझ्या अंदाजापेक्षा जास्त खरा. भोपळ्याचा ग्लायसेमिक इंडेक्स, म्हणजे पदार्थ रक्तातली साखर किती पटकन वाढवतो त्याचं माप, जास्त आहे असं वाचून काही लोक भाजीसुद्धा सोडतात, ते करू नका. भोपळ्यात मुळात कार्बोहायड्रेट सहा-सात टक्केच, वाटीभर भाजीने साखर फार हलत नाही. घारग्यात साखर वाढवतात ते गूळ आणि कणीक, भोपळा नाही. इन्सुलिन किंवा गोळ्या चालू असतील तर सणाच्या दिवशी स्वतःच्या मनाने डोस कमीजास्त करू नका.

त्यांना किडनीचा त्रासही असेल, डॉक्टरांनी पोटॅशियम कमी ठेवायला सांगितलं असेल, तर भोपळ्याच्या १०० ग्रॅमला ३४० मिलिग्रॅम पोटॅशियम आहे हे ध्यानात ठेवा. एका घारग्याने फरक पडत नाही, पण भाजी आणि सूप रोज असेल तर विचारून घ्या.

मुलीचं सांगते. चार वर्षांची आहे, भाजी खात नाही, घारगा खाते, तर त्या घारग्याचा उपयोग करून घ्या. आटवलेल्या जास्त भोपळ्याचा, कमी गुळाचा, तव्यावरचा, लहान आकाराचा, एक किंवा दोन, डब्यात किंवा संध्याकाळी दुधाबरोबर. पण बरोबरीने भोपळा गोडाशिवायही तिच्या जिभेवर येऊ द्या. थालीपिठात किस, वरणात फोडी घोटून, भाकरीच्या पिठात, दह्यातलं भोपळ्याचं भरीत. गुळातूनच भोपळा खायची सवय लागली तर पुढे भाजी आणखीनच लांब जाते, हे मी खूप घरांत बघितलंय. एखाद्या भाजीला मूल दहा-बारा वेळा नाही म्हणून मग हो म्हणतं, तेव्हा चमचाभर ताटात वाढत राहा, रागावू नका. आणि अ जीवनसत्त्वाचे डोस तिचे झालेत का बघा, आपल्याकडे १९७० पासून हा सरकारी कार्यक्रम आहे, नऊ महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी देतात, अंगणवाडीत किंवा आरोग्य केंद्रात कार्ड दाखवून विचारा. घारगे खाते म्हणून डोस चुकवू नका, आणि डोस दिला म्हणून भोपळा बंद करू नका, दोन्ही चालतं एकत्र.

एक आठवण सांगते, तुमच्या उपयोगाची आहे. एक आई दहा महिन्यांच्या बाळाला घेऊन घाबरीघुबरी आली होती, तळवे आणि नाकाचा शेंडा पिवळा, घरात कावीळच ठरली होती. मी डोळे बघितले, पांढरेशुभ्र. विचारलं काय भरवता, तर दोन महिने रोज दोन वेळा भोपळा-गाजराची पेज. कॅरोटीन जास्त झालं की त्वचेखाली साठून तसा रंग येतो, त्रास काही नसतो, प्रमाण कमी केलं की काही आठवड्यांत जातो. काविळीत डोळे पिवळे होतात, इथे नाही. तरी खात्री करून घ्यायला डॉक्टरांना दाखवायचं, तिलाही मी पाठवलंच. कोणाच्या घरी तान्हं असेल तर अजून एक, वर्षाच्या आतल्या बाळाला घारगा किंवा गूळ घातलेला भोपळा देऊ नका, नुसता वाफवून कुस्करून त्यात तुपाचा थेंब, बास.

खिरीबद्दल कोणीतरी विचारेलच. नुसत्या पोषणाच्या बाजूने बघितलं तर भोपळ्याची खीर घारग्यापेक्षा सरस, कारण तळण नाही, कणीक नाही, भोपळा जास्त जातो आणि दुधाचं प्रोटीन-कॅल्शियम मिळतं. अर्धा लिटर दुधाला पाव किलो भोपळा शिजवून घोटून घातला आणि चार वाट्या केल्या तर एका वाटीत साठ ग्रॅमच्या वर भोपळा, घारग्याच्या पाचपट. गूळ घालणार असाल तर खीर खाली उतरवून कोमट झाल्यावर घाला, उकळत्या दुधात गूळ टाकला की दूध फाटतं. कोकणात नारळाच्या दुधातली करतात, ती चवीला अप्रतिम पण त्यात गाईम्हशीच्या दुधाएवढं कॅल्शियम-प्रोटीन नाही, आणि नारळाची स्निग्धता भरपूर. खीर मात्र टिकत नाही, घारगा दोन-तीन दिवस राहतो, म्हणून तर तो शिदोरीचा पदार्थ झाला.

आणि बिया फेकू नका! एवढं तर नक्की करा. धुऊन, उन्हात वाळवून, मंद आचेवर भाजल्या की सोलून आतला गर खायचा. त्यात शंभर ग्रॅमला तीस ग्रॅम प्रोटीन, मॅग्नेशियम आणि झिंक भरपूर. एका भोपळ्यातून मूठभरच निघतात, पण दहा ग्रॅम गरातून तीन ग्रॅम प्रोटीन म्हणजे दोन घारग्यांएवढं. आम्ही त्या भरड कुटून घारग्यांच्या पिठातच घालतो, दोन चमचे, तिळासारख्या मध्येमध्ये दाताखाली येतात आणि मुलं निवडून बाजूला काढत नाहीत. कॅलरी त्यांनाही बऱ्याच आहेत, म्हणून चमच्याने मोजून घाला. या वेळेला सासूबाईंना अर्धा किलो किस आणून द्या, बिया वाळत टाका आणि पहिला घाणा तव्यावर करून बघा, पीठ सैल वाटलं तर कणकेऐवजी दोन चमचे भाजलेला बारीक रवा घाला आणि दहा मिनिटं झाकून ठेवा, ओलावा तो ओढून घेतो.